काळ्या मातीतला अनंत

"पोटच्या पोरांना जपलं नसंल एवढं लंकाबाई त्या मरतुकड्या अनंताला जपती," असं अवसरी बुद्रुकच्या बायका म्हणत. कुणी पुढे जोडी, "डोंगरची माणसं बाई ती. झाडाशी बोलत्यात, माणसाशी न्हाई." लंकाबाईच्या कानांवर ते येई. ती पदर खोचून हंडा उचले आणि चालू लागे.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढू लागलं, तेव्हा तिचं डोंगरातलं गाव पाण्याखाली गेलं. माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे दोन्ही बुडाली. नवरा भिमाजी तिला घेऊन अवसरीला वाट्यानं शेती करायला आला. सामानाच्या ट्रकमध्ये भांड्यांच्या मागे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली अनंताची एक फांदी होती. आईच्या परसातल्या पुरुषभर उंच झुडपाची फांदी मातीत दाबून, मुळं फुटल्यावर तिनं ती वेगळी केली होती. मूळ झुडूप आता पाण्यात होतं. ही फांदी गेली, तर आईचा अनंत कायमचा गेला, हे ती जाणून होती.

पहिलं वर्ष पानं तेल लावल्यासारखी गर्द राहिली. मग अवसरीच्या काळ्या मातीत ती पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग हळदीसारखा. डोंगरात भाताचं बी टाकण्याआधी राब भाजतात. पालापाचोळा आणि शेण जाळून त्या राखेत पेरतात. राखेनं रोप तरारतं, हे लंकाबाईच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं चुलीतली राख झुडपाच्या बुडाशी घातली. पानं आणखी पिवळी झाली. तिनं आणखी राख घातली. पीळ घातलेल्या हिरव्या कळ्या आल्या आणि न उमलताच गळून पडल्या.

फाल्गुनातल्या एका दुपारी गोठ्याच्या भिंतीला टेकून तिचा डोळा लागला. आईचं परस समोर आलं, पाण्याखालचं असूनही कोरडं, लख्ख. आई राखेची पाटी घेऊन दारातून निघाली आणि राबाच्या तुकड्याकडे वळली. अनंताकडे ती गेलीच नाही. त्याच्या बुडाशी जांभळीचा कुजलेला पाला होता, खाली तांबडी माती, वर पागोळ्यांचं पाणी ठिबकत होतं. संध्याकाळ झाल्यासारखी वाटली. ताजं फूल दुधासारखं पांढरं, कालचं तुपासारखं पिवळसर, आणि वास असा दाट की आई त्यातून चालत येते आहे असं वाटावं. राख मात्र तिथं कुठंच नव्हती.

लंकाबाई जागी झाली आणि त्या दिवसापासून तिनं अनंताच्या बुडाशी राख घालणं थांबवलं.

वैशाखात धरणाचं पाणी ओसरलं, तेव्हा ती भिमाजीला घेऊन एसटीनं शिनोलीच्या पुढे, बुडालेल्या गावाच्या जागी गेली. पाण्यातून उघड्या पडलेल्या उतारावर आईच्या घराचं जोतं तेवढं दिसत होतं. त्यामागची, पाणी न पोचलेल्या चढावरची तांबडी माती तिनं पोत्यात भरली.

"अगं, आठवण म्हणून कायतरी आन म्हटलं, तर तू मातीचं पोतं आनलंस," भिमाजी पोतं खांद्यावर घेत म्हणाला.

"वझं व्हत असंल तर मला द्या," ती म्हणाली. त्यानं पोतं दिलं नाही.

घरी येऊन तिनं झुडपाभोवतीची राख मिसळलेली काळी माती काढली, तांबडी भरली, वर पाला अंथरला. भांड्यांवर पांढरा थर धरणारं विहिरीचं जड पाणी तिनं त्याला घालणं बंद केलं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरलं आणि पुढे तेच पुरवून घातलं.

दिवाळीपर्यंत शेंड्याची पानं हिरवी निघाली. पुढच्या ज्येष्ठात एका संध्याकाळी पहिली कळी पीळ सोडून उमलली. वास गोठा ओलांडून मालकांच्या ओसरीपर्यंत गेला. शेतमालकाची बायको उज्ज्वला तो शोधत आली आणि झुडपापाशी थबकली.

"लंकाबाई, मंचरला असली रोपं ढिगानं मिळत्यात," ती म्हणाली. "तुमचं गाव तर बुडालं. आता त्याच्या एका फांदीपायी एवढा जीव कशाला टाकायचा?"

लंकाबाईनं फूल खुडलं, तिच्या हातावर ठेवलं.

"वैनी, बुडालं ते गाव. मी न्हाई बुडाले, अन् ह्यो बी न्हाई. माळायचं तर माळा, न्हाई तर द्या माघारी."