कुलगुरूंची गिरवलेली सही

मी एका कुलगुरूंची सही गिरवली होती. बालवाडीतली पोर पाटीवर ‘ग’ गिरवते ना, अगदी तशी. वय वर्षं चोवीस, पदवीधर, एका मुलाची आई. नातवंडं विचारतात, “आजी, तू लहानपणी वेडी होतीस का गं?” मी म्हणते, लहानपणी बरी होते रे, नंतर झाले.

कॉलेजात बाकीच्या मुली नटांच्या सह्या जमवायच्या. मला शहाणं दिसायची भारी हौस, म्हणून मी जुन्या कुलगुरूंच्या जमवायची. विद्यापीठं नवीनवीन निघाली तेव्हाचे ते लोक, पगडी-उपरण्यातले, फोटोतसुद्धा रागावलेले. बहुतेक सगळे कधीच वारलेले, त्यामुळे भेटून सही मागायची भीती नव्हती. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा आजूबाजूला कारखाने उठत होते. नवरा पहिल्या शिफ्टला गेला की मी रद्दीच्या दुकानात जुनी पत्रं, बक्षिसाच्या पुस्तकांची पहिली पानं उपसत बसायची. रद्दीवाला मला लांबून बघूनच ओरडायचा, “वहिनी, पगडीवाला आलाय!” आणि रस्त्यातली माणसं माझ्याकडे वळून बघायची.

माझ्या सह्यांच्या वहीत नव्हती अशी एक सही मात्र घरातच होती. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांचं पदवीचं प्रमाणपत्र पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेलं, त्यावर एका फार जुन्या कुलगुरूंची लांब शेपटाची सही. सणासुदीला ते मला ती दाखवायचे. एकदा मी विचारलंच, “मामंजी, तुमच्यानंतर हे मला द्याल?”

“देतो की. आधी मला जाऊ तर दे, बाई.”

सहीची शाई पार फिकट, चहाच्या डागासारखी झाली होती. मला वाटलं, आणखी दोन पावसाळे गेले की पुसलीच म्हणून समजा. एका दुपारी मामंजी झोपले होते. मी नवऱ्याचं फाउंटन पेन काढलं आणि सही वाचवायला घेतली. सुरुवात झकास झाली. शेपटाशी निब जाड कागदात अडकलं, शेपूट भलतीकडेच वळलं आणि टोकाला मुगाएवढा निळा डाग पडला. तो टिपकागदानं टिपला. मग शाई जुनी दिसावी म्हणून त्यावर कापसानं चहाचं पाणी लावलं. हे सगळं बी. ए. झालेली बाई करत होती.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. थेरगावच्या मंडळींनी नवी शाळा काढली होती, मामंजींना हेडमास्तर म्हणून बोलावलं होतं. सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन या. दीड वर्ष हा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बस मोजत होता. पत्र वाचून त्यांनी त्याच दिवशी कोट उन्हात टाकला आणि माझ्या दोन वर्षांच्या मुलाला उगाचच हजेरी द्यायला शिकवलं. मी सांगणार होते. शनिवारी सांगणार होते, रविवारीही. सोमवारी “नळकांडं मी धरते, तुम्हाला बसमध्ये अवघड होईल” म्हणून बरोबर निघाले, तरी तोंड उघडेना.

शाळा म्हणजे तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्या. समितीत तिघं होते. चिटणीसांनी प्रमाणपत्र उलगडलं, चष्मा वर केला, खाली केला. “मास्तर, बाकी कागद जुना आहे. ही शाई मात्र परवाची दिसते.”

मामंजींनी वाकून पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, पण त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. खोटी पदवी घेऊन आलेला माणूस बसावा तसे मान खाली घालून बसले. ते मला बघवेना.

“मी गिरवली,” मी आत जाऊन म्हणाले. “पुसट झाली होती म्हणून.”

चिटणीस म्हणाले, “सुना सासऱ्यासाठी काहीही बोलतील.”

अध्यक्ष होते गावातले म्हातारे बागाईतदार. ते म्हणाले, “मंग ईचारायचं कशाला? कागूद द्या तिला. पोरी, काढ बरं तीच सही.”

मी चिटणीसांचं पेन घेऊन काढली. शेपूट पुन्हा तसंच भलतीकडे वळलं. डागसुद्धा त्याच जागी पडला. चिटणीसांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि त्यांना हसू आवरेना.

“सून खरं बोलती हाय,” अध्यक्ष म्हणाले. “मास्तर, तुमी फुडल्या सोमवारपास्नं या. दुसरा दाखला मागून आणा, म्हंजी झालं. अन् हिला दऊत दावू नगा.”

मामंजी पुढच्या सोमवारपासून जाऊ लागले, ते नऊ वर्षं. विद्यापीठातून प्रमाणपत्राची दुसरी प्रत यायला दोन महिने लागले. त्यावर नव्या कुलगुरूंची सही होती, काळीभोर आणि बिनडागाची. ती त्यांनी नळकांड्यात ठेवली आणि जुनं प्रमाणपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मी पिठाचे हात तसेच मागे लपवले. त्या दिवसापासून त्यांनी त्या सहीचा विषय एकदाही काढला नव्हता. प्रमाणपत्र माझ्यासमोर धरून ते म्हणाले, “सूनबाई, घे, तुझ्या वहीत ठेव. आजवर यावर नुसती कुलगुरूंचीच सही होती, आता घरच्या माणसाचीही झाली. पण हात धुऊन घे आधी.”