पलंप म्हणजे काय

रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. पालीला जाणाऱ्या मोटारीत शेजारी एक बाई बसली होती. गालांची हाडं वर आलेली. हातातली सैल बांगडी ती सारखी कोपरापर्यंत सरकवायची आणि पुन्हा खाली सोडायची. माझ्याजवळचं इंग्रजी पुस्तक पाहून तिनं विचारलं, "मास्तर, पलंप म्हंजे काय वो?"

तिचा नवरा मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होता. शिमग्याला आला तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीकडे बघून तो हा शब्द म्हणाला होता, आणि आता त्या बहिणीलाच दुसरी बायको म्हणून मागत होता. बापानं होकार देऊ नये, हे सांगायला ही माहेरी निघाली होती.

शब्द इंग्रजी 'प्लंप', म्हणजे गुटगुटीत, भरलेला. मी शिकवायच्या सवयीनं सांगत गेलो. बाळाचे गाल, भरलेला आंबा, गुबगुबीत उशी, पोसलेली कोंबडी, साऱ्यांना तोच शब्द.

"कोंबडीला पन?" तिचा हात थांबला. "मंग त्याच्या मनात कोंबडीचाच अर्थ. लगीन झालं तवा मी पन तशीच होते वो."

आठवड्यानं परतीच्या मोटारीत ती पुन्हा दिसली. शेजारी अंगावरची हळद अजून न उतरलेली मुलगी होती. नवरा लग्न उरकून मुंबईला पुढं गेला होता, आणि बहिणीला आगबोटीत बसवून द्यायला ती बंदरावर निघाली होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "बाप म्हनाला, एकीच्या तरी पोटाला मिळंल."

मुलगी बाहेर बघत हसत होती. तिला मुंबई बघायची होती.