शेंडेफळ

लीड्सच्या लॅबमध्ये ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. अंटार्क्टिकाच्या डोंगरांतला, वाळूचा बनलेला खडक फोडून ती त्यातल्या एकेका दाण्याचं वय काढते. सगळ्यात तरुण दाण्याला ती शेंडेफळ म्हणते. "खडक स्वतःच्या शेंडेफळापेक्षा म्हातारा कसा असेल रे?" हे तिचं पालुपद.

ती, मी आणि आमचे प्रोफेसर अशा तिघांच्या पेपरच्या वेळी शेंडेफळ प्रोफेसरांच्या थिअरीतल्या खडकाच्या वयापेक्षा फारच तरुण निघालं. तिने तीनदा मोजलं. उत्तर तेच.

"बाहेरून पडलेला दाणा असेल. वगळून टाक," प्रोफेसर म्हणाले.

"मग माझं नावही वगळा," ती म्हणाली आणि केटल लावायला गेली.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो.

पेपर छापून आला. त्यात शेंडेफळ नाही, तिचं नाव नाही.

माझं आहे.