भाऊजींच्या लेथची ढिलाई

आमच्या भाऊजींना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा. एक सैल बिजागरी आणि दुसरा मी. बिजागरी तरी आवळता येते. मला आवळणं त्यांना जमलं नाही, कारण मी त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, आणि राहायलाही अगदी समोर. त्यांच्या घरात दार खडखडत नाही, खुर्ची डुगडुगत नाही, आणि मिठाच्या बरणीचं झाकण उघडायला दोन माणसं लागतात. ताई बिचारी अळणी खाते पण बरणीच्या वाटेला जात नाही.

भाऊजींनी जन्मभर टर्नर म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं मोडीत काढलेली एक जुनी लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, आणून मागच्या खोलीत बसवली, आणि त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही असा नियम केला. ताईसुद्धा चहा उंबऱ्यावर ठेवून हाक मारायची. तिथं गिरणीवाल्याचे बुश व्हायचे. बुश म्हणजे गिरणीचा दांडा ज्यात फिरतो ते पितळी कडं. भाऊजींनी केलेला बुश दांड्यावर असा बसायचा की गिरणीवाला दुसऱ्या कुणाकडे कधी गेलाच नाही.

यंदा मात्र लागोपाठ दोन बुश बिघडले, भोकच मोठं झालं. गिरणीवाला भला माणूस, काही बोलला नाही. चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. भाऊजींनी जाहीर केलं की दोष मशीनचा आहे. टूल, म्हणजे धातू कापणारं पातं, मागंपुढं सरकवणारा स्क्रू झिजलाय, आणि तो ज्यातून फिरतो तो पितळी नटही झिजलाय. हँडल फिरवलं की टूल लगेच हलायला हवं. इथं हँडल आधी थोडं फुकट फिरतं आणि मग टूल जांभई देत निघतं. ही ढिलाई काढतो आणि तिसरा बुश करतो, म्हणाले. तोही बिघडला तर दोष हातांचा, मग मशीन भंगारात घालीन आणि खोलीला कुलूप लावीन. भाऊजी शब्दाचे पक्के. दुसऱ्या कुणाला मी हट्टी म्हटलं असतं, पण इथं नातं आड येतं.

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, ही ढिलाई तर मशीन आणलं त्या दिवसापासून आहे. तुम्हीच तर शिकवायचात, की हँडल जरा जास्तच मागं न्यावं आणि एकाच बाजूनं पुढं येत हँडलवरच्या आकड्यावर थांबावं, मग ढिलाई असली काय नि नसली काय. इतकी वर्षं नाचलात आणि आता अंगण वाकडं झालं होय? ताईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. भाऊजी उठून मागच्या खोलीत निघून गेले.

स्वयंपाकघरात ताईनं मला फैलावर घेतलं आणि मग एकदम आवाज खाली आणला.

"त्यांचा उजवा हात थरथरतो रे. चहा सांडू नये म्हणून हल्ली मी कप अर्धाच भरते. मशीन नीट झालं, तर दोष द्यायला राहील कोण?"

मला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताई रडत बसणाऱ्यातली नव्हे. मशीन नीट होऊच द्यायचं नाही, हा तिचा बेत ठरूनसुद्धा गेला होता, आणि त्यात मलाही कामाला लावलं होतं.

भाऊजींनी नट काढून करवतीनं मधोमध चिरला, अगदी दोन तुकडे न करता, आणि त्यात एक बोल्ट बसवला. बोल्ट आवळला की नटाचे दोन्ही भाग जवळ येतात, स्क्रूच्या आट्यांना दोन्हीकडून चिकटतात आणि ढिलाई संपते. भाऊजी सकाळी बोल्ट आवळायचे. संध्याकाळी पुढच्या खोलीत मी त्यांना पत्त्यांत गुंतवायचं, आणि ताईनं कणीक मळता मळता उठून मागं जायचं, बोल्ट सैल करायचा आणि पुन्हा परातीपाशी येऊन बसायचं. सकाळी भाऊजी हँडल फिरवून बघायचे, अजून ढिलाई आहे म्हणायचे आणि परत आवळायचे. त्यांचा डाव रंगावा म्हणून मला रोज मुद्दाम हरावं लागे. बहिणीसाठी माणूस काय काय करतो.

पुढं पुढं ताई मागच्या खोलीतून लवकर येईना. हुकमाचं पान हातात धरून मी किती वेळ विचार करणार? विचारलं तर म्हणाली, मी हँडल फिरवून बघत होते. स्क्रू मध्येच जास्त झिजलाय, टोकांना नाही. मधल्या भागाला बरोबर होईल इतकं आवळलं, तर टोकाला गेल्यावर जाम होतो. मी म्हटलं, बाई गं, तू मशीन बिघडवायला जातेस की शिकायला? तिनं हातातलं लाटणं दाखवलं, तेव्हा मी विषय बदलला.

एका संध्याकाळी पत्ते पिसतोय तोच गिरणीवाला पितळेचा तुकडा आणि जुना दांडा घेऊन दारात उभा. बुश फुटला, गिरणी बंद पडली, आत्ताच करून हवा होता. ताई तर नुकतीच मागं जाऊन आली होती. भाऊजी उठले आणि आम्हाला सगळ्यांना म्हणाले, या आत. आम्ही एकमेकांकडे बघत गेलो.

त्यांनी पितळ चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलं, हँडल हलवून पाहिलं. ते फुकट फिरलं. त्यांनी ताईकडे एकदा बघितलं आणि पान्यानं बोल्ट आवळला, अगदी बेतानं. आता हँडल केसभर हललं तरी टूल त्याच्याबरोबर हलत होतं, आणि भाऊजींनी हँडलवर हात ठेवताच टूलही त्या हाताबरोबर थरथरायला लागलं. गिरणीवाला खिडकीबाहेर बघायला लागला. मी मनात म्हटलं, संपलं, चाललं मशीन भंगारात.

भाऊजींनी हात काढून घेतला.

"हँडल तू धर," ते ताईला म्हणाले. "आकडे मी सांगतो."

ताई म्हणाली, हात पिठाचे आहेत.

"रोजच असतात. बोल्टाला लागलेलं पीठ सकाळी मीच पुसतो."

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला, आणि माझाही झाला असणार. पण तिनं हँडल धरलं. भाऊजी टूलजवळ कान नेऊन उभे राहिले, थांब म्हणाले की ती थांबायची, ये म्हणाले की यायची. एकदा ती आकड्यापुढं जायला लागली, तर हळूच म्हणाले, मागं जा, अजून मागं, आता पुढं ये. बुश झाला. गिरणीवाल्यानं तो दांड्यावर सरकवला, बोटानं फिरवून पाहिला आणि हसतच गिरणीकडे गेला.

मला राहवेना. मी विचारलं, ठाऊक होतं, तर रोज परत कशाला आवळत बसायचात?

भाऊजी कापडाला हात पुसत होते.

"आवळलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी ती कशाला आली असती? कुणी यायचं नाही हा नियम माझाच. तो मोडायचा कसा, ते मला कुठं कळत होतं."

ताई या वयात लाजली. मी चपला घातल्या आणि निघालो, तर कुणी थांब म्हटलं नाही.