मामांची गाडी कुठवर पोचली

स्वतःची वस्तू विकायला काढून गिऱ्हाइकाला ती न घेण्याची पन्नास कारणं ऐकवणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा असावा हे माझ्या कपाळी लिहिलेलं होतं. मामा विठ्ठलवाडीला राहतात. जन्मभर त्यांनी एकच काम केलं. खडवलीकडच्या भट्ट्यांवरून विटा भरायच्या आणि बाळकुमला नेऊन उतरवायच्या. त्यातली शेवटची तेरा वर्षं एकाच सहाचाकी ट्रकवर गेली. बाळकुमला आता टॉवर उभे आहेत आणि मामांबरोबर तिथून चालत जाणं ही शिक्षा आहे. ते प्रत्येक फाटकापाशी थांबतात. "ही तिसऱ्या मजल्यापर्यंत माझी. वरती त्यांनी ब्लॉक लावले, वरचं मी सांगत नाही." एकदा एका वॉचमनने हटकलं, तर त्याला म्हणाले, "अरे, तू टेकलायस ना, त्या विटा मी आणल्यात. भट्टीवर कच्च्या राहिलेल्या, तेव्हाच सांगितलेलं मी." वॉचमन बिचारा भिंतीपासून दोन हात लांब सरकला.

मामांच्या तोंडून चांगली बातमी मी कधी ऐकलेली नाही. "कसे आहात?" विचारलं की "अजून तरी आहे" हे ठरलेलं उत्तर. माझ्या मुलीच्या बारशाला आले, तिच्या मुठीत शंभराची नोट कोंबली आणि मला म्हणाले, "जपा. दवाखाने फार महाग झालेत." हा माणूस मनाने वाईट असता तर एक वेळ परवडलं असतं, वाद घालून मोकळं होता आलं असतं. पण आम्ही विठ्ठलवाडीची भाड्याची खोली सोडून डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा दोन दिवसांचं भाडं बुडवून सगळं सामान यांनीच आणून टाकलं, आणि डिझेलचे पैसे पुढे केले तर आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. त्याच दिवशी मला त्यांच्या केबिनचा नियम कळला. केबिनमध्ये चपलाबूट घालून चढायचं नाही. मी नवे बूट काढून केबिनच्या दाराखाली ठेवले, वर चढून एक उचलला, तेवढ्यात मामांनी गाडी सोडली आणि दुसरा विठ्ठलवाडीतच राहिला. नव्या सोसायटीच्या चेअरमनने मला पहिल्यांदा पाहिलं ते एका बुटात. अजूनही तो माझ्याशी जरा सांभाळूनच बोलतो.

स्वतः मात्र मामा गाडीला दिवसभर शिव्या घालायचे. खटारा, रड्या, घरबुडवी, काय वाटेल ते. दुसऱ्या कुणी ब्र काढला की त्याची शंभर वर्षं भरली म्हणून समजा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी चाकाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे आणि लगेच म्हणायचे, "चल गं भवाने, बंद पडायचं असलं तर भिवंडीच्या आधी पड."

मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दृष्टी कडेने खात खात आत येत होती आणि गेलेली परत येणार नव्हती. मी भेटायला गेलो तर मामा पडवीत बसले होते, समोर गाडी उभी. म्हणाले, "समोरचं दिसतं हो जावईबापू. बाजूचंच दिसत नाही. पण ट्रक चालवणाऱ्याला सगळं बाजूचंच तर बघायचं असतं." मी मामींनी दिलेला चहा प्यायलो आणि उठलो.

गाडी विकायची हे त्यामुळे ठरलंच. प्रश्न एवढाच होता की कुठे. मामांच्या मुलाचं म्हणणं, शोरूमला एक्स्चेंज करा, बदल्यात छोटा टेम्पो घ्या, ड्रायव्हर ठेवा आणि घरी बसून खा. सगळ्यांना पटण्यासारखं होतं, म्हणूनच मामांना पटलं नाही. तरी मुलाने मला मध्ये घातलं आणि मी त्यांना घेऊन कल्याणच्या एका शोरूमला गेलो. तिथल्या पोराने आम्हांला गार हवेत बसवून कॉफी दिली, गाडीभोवती फिरून आला आणि आकडा सांगितला. आकडा चांगला होता. मामांनी त्याला एकच विचारलं, "पुढं तिचं काय करता?"

पोरगा सरळ होता. "लिलाव होतो काका. एवढ्या जुन्या गाड्या बहुतेक भंगारवालेच उचलतात."

मामांनी कप खाली ठेवला. परत येताना वालधुनीच्या पुलावर म्हणाले, "गॅसने कापतात हो. शिळफाट्याला बघितलंय मी. आधी केबिन कापतात." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मला चालवायला मिळणार नाही ते कळलंय मला. पण ती चालली पाहिजे." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते हे एवढंच.

तेव्हा बाहेर विकायचं ठरलं आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली. विघ्नं आणणारे अर्थात खुद्द मामाच. पहिलं गिऱ्हाईक उल्हासनगरचं. मामांनी बॉनेट उघडायच्या आधी तोंड उघडलं. "थंडीत दुसरा गिअर पडत नाही. हिला जरा थांबून, समजावून टाकावा लागतो. ब्रेक लागतो, पण विचार करून लागतो. पावसात डावीकडून गळते, क्लीनरच्या मांडीवर." गिऱ्हाईक म्हणालं, "काका, विकायची आहे ना नक्की?" मामा म्हणाले, "विकायची आहे म्हणूनच सांगतो. फसवून दिली तर तू हिच्यावर राग काढशील." दुसरा घ्यायला अगदी तयार होता, पण पायांत बूट घालून केबिनमध्ये चढला. त्याला मामांनी सांगितलं की गाडी कालच विकली गेली. "ट्रायल गाडीची नाही, घेणाऱ्याची घ्यायची असते," हे वर मलाच. चार महिने मुलगा माझ्याकडे आणि मी छताकडे बघत होतो.

शेवटी निफाडकडचा एक कांद्याचा व्यापारी आला. तिशीचा असेल. सगळे दोष त्याने शांतपणे ऐकून घेतले, न सांगता चपला खाली काढल्या, वर चढला, आणि दुसरा गिअर टाकताना जरा थांबला. गिअर पडला. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. शोरूमपेक्षा कमी किमतीला गाडी दिली, कागद रीतसर त्याच्या नावावर करून दिले आणि ती रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत "रड्या गेली एकदाची" असं तीनदा म्हणाले. मामी म्हणाल्या, "हात तरी खाली करा आता." हात कपाळाशीच राहिला होता.

पुढच्या रविवारी मामा डोंबिवलीला आमच्या दारात हजर. खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "बारीक अक्षर दिसत नाही. काय आलंय ते वाचा." टोलचा मेसेज होता. घोटी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, इतके रुपये कापले. मी म्हटलं, "मामा, काचेवरचा टॅग काढायचा राहिला की!" मामा म्हणाले, "राहिला नाही, ठेवलाय. त्याला सांगितलंय, टॅग काढू नको, पैसे मी भरीन. पोराला बोलू नका, तो बंद करायला लावेल." विकलेल्या गाडीचा टोल पदरचा भरणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. पण दर रविवारी मी ते मेसेज वाचत होतो. पडघा, घोटी, पिंपळगाव. एकदा थेट धुळ्याच्या पलीकडे. मामा डोळे मिटून ऐकायचे. "पडघ्याहून घोटीला अडीच तास? घाटात तापवली असेल. पाणी बघत नाही लेकाचा." मग माझ्याकडून टॅगमध्ये दोनशे-तीनशे भरून घ्यायचे आणि चहा घेऊन जायचे. तो अर्धा तास त्यांचा चेहरा, कसं सांगू, बरा दिसायचा.

वर्षभर हे चाललं. गेल्या महिन्यात एका रविवारी फोनवर एकही मेसेज नव्हता. मी म्हटलं, नेटवर्क नसेल. मामा घरी गेल्यावर मी निफाडच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो आनंदात होता. "नवी गाडी घेतली साहेब! जुनी एक्स्चेंजला दिली, चांगला भाव आला. काकांना सांगा, टॅगचे पैसे उरलेत." मी अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोला सांगितलं तर ती आत निघून गेली.

पुढच्या रविवारी मामा आले. आता त्यांना समोरचंही धूसर झालंय, दाराचा उंबरा पायाने चाचपून आत येतात. बसले, मोबाइल पुढे केला. त्यात कर्ज देणाऱ्यांच्या दोन जाहिराती होत्या. मी त्या डोळ्यांपुढे धरल्या आणि वाचलं, "घोटी. सकाळी सव्वासहा."

मामांनी मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला. मग म्हणाले, "उशीर झाला आज. गारठा आहे ना, गिअर पडला नसेल."

"नसेल," मी म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना एक टोल वाचून दाखवतो. गाडी हल्ली लांब लांब जाते, मागच्या खेपेला मी ती इंदूरला पोचवली. मामा ऐकतात, तिला दोन शिव्या देतात, चहा घेतात. टॅगमध्ये पैसे भरा असं मात्र त्या दिवसापासून एकदाही म्हणालेले नाहीत. त्यांना सगळं कळलंय. पण काल उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, पुढच्या रविवारी जरा सावकाश वाचा. मधली गावंही सांगा."