गोळी देऊन आत सोडलेला ताप

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला माझ्या रूम पार्टनरवर अन्याय झाला. तो बीडचा, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. मोशीतल्या आमच्या खोलीत सकाळी तापाने कुडकुडत होता, तरी ड्युटीवर गेला. तिथे गेटवर ताप मोजतात. ताप निघाला की कंत्राटदाराचा माणूस ताप उतरायची गोळी देतो, घाम फुटून अंग गार होईपर्यंत बसवून ठेवतो, पुन्हा मोजतो आणि आत सोडतो. त्या दिवशी त्यालाही तसंच आत सोडलं. रक्त कोणीच तपासत नाही. का नाही? मलेरिया निघाला तर सुट्टी द्यावी लागेल म्हणूनच ना?

दुपारी तो लाइनवरच झटके येऊन कोसळला. दवाखान्यात कळलं, मलेरिया मेंदूपर्यंत गेलाय, किडन्याही काम करत नाहीत.

आयसीयूबाहेर कंत्राटदार मला म्हणाला, "गावाकडनं आणला असंल ताप, भावा."

"राव, तो दिवाळीपासून गावाला गेलेलाच नाही!"

फोन वाजला नव्हता, तरी तो कानाला लावून कंत्राटदार निघून गेला.

डायलिसिस करून करून मित्र वाचला. तोवर त्याच्या जागी दुसरा लागला होता. ताप आला की त्यालाही तशीच गोळी मिळते.

तुमच्या गेटवर हेच चालत असेल, तर उद्याच्या शिफ्टला सगळे मिळून सांगा: आधी रक्त तपासा. तोवर ताप आलेल्या माणसाला आत जाऊ देऊ नका.