चेन्नमकरीच्या धक्क्यावर

केरळातल्या कुट्टनाडच्या कालव्यांतून सरकारी बोट चालवणाऱ्या वर्की सारंगाचं नोकरीभर एकच पालुपद होतं, रिटायर झालो की काश्मीर! तो रिटायर झाला, मुलीने तिकिटं काढायला घेतली, तर हा गडी म्हणतो कसा, "थांब गं. आधी मला चेन्नमकरीला उतरायचंय."

"चेन्नमकरी?" बायको, अन्नम्मा, उखडली. "रोज तर जात होतात!"

"जायचो आणि बोट लावायचो. उतरलो कधी?"

ते मात्र खरं होतं. माणसं चढली-उतरली की कंडक्टर दोनदा घंटा द्यायचा आणि वर्की बोट हाकायचा. धक्क्यामागच्या खाणावळीत तळलेल्या माशांचा वास तेवढा नाकापर्यंत यायचा.

सोमवारी दोघं चेन्नमकरीला उतरली. चार पावलं चालली नाहीत, तोच मागे दोनदा घंटा झाली. वर्की गर्रकन वळला, उडी मारून बोटीत चढला आणि थेट सुकाणूपाशी पोचला!

"चेट्टा, अहो दादा, माझ्या पोटावर पाय देता काय?" नवा सारंग शाजी ओरडला. अख्खी बोट हसत सुटली.

धक्क्यावर अन्नम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. "मला टाकून काश्मीरला निघालात वाटतं?"

वर्की खाली उतरला आणि कंडक्टरला म्हणाला, "दे रे घंटा पुन्हा!"

घंटा झाली. पाय शिवशिवले, पण तो वळला नाही. बोट गेली.

"परतीची बोट किती वाजता?" अन्नम्माने विचारलं.

सगळं वेळापत्रक तोंडपाठ असलेला वर्की खाणावळीकडे चालू लागला. "मला काय ठाऊक? मी इथे नवा आहे."